डोळा चांगला, तरी दिसत का नाही? पाहायला शिकावं लागतं मेंदूला

शाळेत डोळ्यांची तपासणी होते. दुसरीतल्या मुलाचा एक डोळा झाकला की त्याला समोरचा तक्ता वाचता येत नाही. आई-वडील चक्रावतात. घरी टीव्ही नीट बघतो, पुस्तक वाचतो, कधी तक्रार केली नाही. डॉक्टर तपासून सांगतात की डोळा आतून निरोगी आहे, पण चष्मा लावूनही त्याला पूर्ण दिसत नाही. मग बिघडलंय कुठे?

उत्तर आहे, मेंदूत. याला ॲम्ब्लिओपिया म्हणतात. बोलीत ‘आळशी डोळा’. साधारण शंभरात दोन-तीन मुलांमध्ये तो आढळतो.

पाहणं घडतं कसं?

डोळा प्रकाश टिपतो आणि त्याचे संदेश मेंदूकडे पाठवतो. डोक्याच्या मागच्या भागात दृष्टीचं केंद्र असतं. तिथल्या पेशी या संदेशांचा अर्थ लावतात: ही आडवी रेघ, ही उभी कड, हे हललं. या पेशींची जोडणी जन्मतः ढोबळच असते. ती पक्की होते रोजच्या पाहण्यातून. वापरातली पायवाट मळते आणि न वापरलेलीवर गवत माजतं, तसंच काहीसं.

हे ठामपणे दाखवलं डेव्हिड ह्युबेल आणि टॉर्स्टन वीझल या अमेरिकेतल्या दोन शास्त्रज्ञांनी. 1960च्या दशकात हार्वर्डमध्ये त्यांनी मांजरीच्या पिल्लांचा एक डोळा जन्मानंतर लगेच शिवून बंद केला आणि दोन-तीन महिन्यांनी उघडला. डोळा धडधाकट होता. पण मेंदूतल्या पेशींची हालचाल मोजली, तेव्हा त्या डोळ्याला प्रतिसाद देणाऱ्या पेशी जवळजवळ उरल्याच नव्हत्या. मोठ्या मांजराचा डोळा तितकाच काळ बंद ठेवला, तर मात्र असं काही होत नव्हतं. म्हणजे या जोडणीला एक ठरावीक वय असतं. पिल्लांमध्ये ते साधारण चौथ्या आठवड्यापासून तिसऱ्या महिन्यापर्यंत. या कामासाठी दोघांना 1981 साली नोबेल मिळालं.

त्यांना आणखी एक गोष्ट दिसली. दोन्ही डोळे बंद ठेवले, तर एकच बंद ठेवल्याइतकं नुकसान होत नाही. कारण मेंदूतल्या जागेसाठी दोन्ही डोळ्यांची चढाओढ चालते. एकाचं रान पडीक राहिलं की शेजारचा बांध कोरत आत शिरतो, तशी चालू डोळ्याची जोडणी बंद डोळ्याची जागा बळकावते.

मुलांमध्ये काय होतं?

मुलाचा डोळा कुणी शिवत नाही, पण परिणाम तोच होऊ शकतो. एक डोळा तिरळा असेल, दोन डोळ्यांच्या नंबरात मोठा फरक असेल, जन्मतः मोतीबिंदू असेल किंवा पापणी खाली पडून बाहुली झाकली जात असेल, तर त्या डोळ्याकडून मेंदूला धड चित्र मिळत नाही. मेंदू मग चांगल्या डोळ्यावरच भागवतो. मूल तक्रार करत नाही, कारण वेगळं दिसणं म्हणजे काय हे त्याला ठाऊकच नसतं.

उपचारही याच चढाओढीवर बेतलेला आहे. आधी योग्य चष्मा. मग चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी, किंवा तो डोळा तात्पुरता अंधुक करणारे थेंब. चांगल्याला विश्रांती दिली की मेंदूला दुसऱ्याचं ऐकावंच लागतं. सात वर्षांच्या आत याचा फायदा सर्वाधिक. त्यानंतरही सुधारणा होते, पण कमी आणि हळू. जन्मजात मोतीबिंदू दाट असेल, तर शस्त्रक्रिया पहिल्या दोन महिन्यांतच व्हायला हवी.

उशीर झाला तर सगळं संपलं का?

नाही. दिल्लीत वाढलेले, एमआयटीमधले प्राध्यापक पवन सिन्हा यांचा ‘प्रोजेक्ट प्रकाश’ भारतातल्या जन्मांध मुलांवर शस्त्रक्रिया करवून घेतो आणि त्यांची दृष्टी कशी घडते याचा अभ्यास करतो. 2011 साली आठ ते सतरा वयाच्या मुलांबद्दलचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दृष्टी आल्या आल्या, हाताने चाचपलेली वस्तू त्यांना नुसती बघून ओळखता येईना. काही दिवसांतच मात्र ते जमू लागलं. मोठ्या वयातही मेंदू शिकतो. पण वेळेत उपचार झालेल्या मुलासारखी बारीक नजर सहसा येत नाही.

कानाचंही तसंच. 1984 साली कॅनडात जेनेट वर्कर आणि रिचर्ड टीज यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. इंग्रजी बोलणाऱ्या घरांतल्या सहा-आठ महिन्यांच्या बाळांना हिंदीतल्या ‘त’ आणि ‘ट’मधला फरक कळत होता, वर्षाच्या आसपासच्या बहुतेकांना कळेनासा झाला. तो फरक त्यांच्या कानांवर पडतच नव्हता. म्हणून बाळ आवाजाला दचकत नसेल किंवा वळून बघत नसेल, तर त्याची तपासणीही लांबवू नये.

आई-वडिलांनी काय करावं?

‘तिरळेपणा नशिबाचा’, ‘मोठं झालं की सरळ होईल’ असं सांगणारे घरोघरी भेटतात. त्यांचं ऐकून वर्षं घालवू नका. बाहुलीत पांढरी चमक दिसली, तर त्याच आठवड्यात डॉक्टर गाठा. घरी खेळाखेळात एकेक डोळा झाकून बघा. एकच डोळा झाकल्यावर मूल चिडत असेल, हात ढकलत असेल, तर तपासणी हवीच. काहीच दिसत नसलं, तरी शाळेत घालण्याआधी दोन्ही डोळे वेगवेगळे तपासून घ्या.

यासाठी मोठ्या शहरात जावंच लागतं असं नाही. 2013 साली सुरू झालेला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम केंद्राचा आहे. बेळगाव असो, गोवा, इंदूर किंवा वडोदरा, अंगणवाडीत आणि सरकारी शाळेत त्याचं पथक येतं, आणि तपासणीत डोळे-कानही असतात. पथक कधी येणार, हे अंगणवाडी ताईंना विचारून ठेवा आणि त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका.