चौथीची स्कॉलरशिप, पाचवीची नवोदय

ऑक्टोबर २०२५ मध्ये, दिवाळीच्या तोंडावर, राज्य सरकारने शिष्यवृत्ती परीक्षा पाचवी-आठवीवरून काढून पुन्हा चौथी-सातवीला आणली. २०१६-१७ मध्ये ती चौथी-सातवीवरून काढून पाचवी-आठवीला नेली होती. दोन्ही वेळा विद्यार्थ्यांचे हितच साधले गेले असणार. शासन निर्णय दुसऱ्या कशासाठी निघतच नाहीत. मधल्या काळात ज्या मुलांची चौथी कोरडी गेली, त्यांच्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. २०२५-२६ हे संक्रमणाचे वर्ष म्हणून चौथी, पाचवी, सातवी, आठवी असे चारही वर्ग परीक्षेला बसवायचे ठरले. गाईड छापणाऱ्यांची तेवढी चंगळ.

योगायोगाने त्याच वर्षी नवोदय विद्यालयांनाही चाळीस वर्षे झाली. १९८५-८६ मध्ये हरियाणात झज्जरला आणि आपल्याकडे अमरावतीला प्रयोग म्हणून ती सुरू झाली. आज देशभरात साडेसहाशेहून जास्त आहेत. हे दोन्ही एकदम समोर आले आणि जुना वाद डोक्यात पुन्हा सुरू झाला. हुशार पोरे वेचून त्यांच्यावर सरकारने वेगळा पैसा खर्च करावा का? माझे मत आधीच सांगून टाकतो. जरूर करावा, पण मागे उरलेल्या वर्गाच्या पदरात त्यातून काय पडले, यावर त्या खर्चाचा हिशेब व्हावा. नवोदयला तो हिशेब जमला नाही. चौथीच्या स्कॉलरशिपला, कुणी ठरवलेले नसतानाही, जमला होता. आणि आपण मोडले ते नेमके तेच.

नवोदयच्या आधीच्या इतिहासात फार रमण्यासारखे नाही. १९६३ मध्ये दिल्लीने प्रज्ञाशोध परीक्षा काढली. त्याच दशकात महाराष्ट्राने धुळे, अमरावती, औरंगाबाद, पुसेगाव अशा ठिकाणी ग्रामीण हुशार मुलांसाठी शासकीय विद्यानिकेतने काढली. तिथून बरेच अधिकारी आणि डॉक्टर निघाले आणि ते आता माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात शाळेच्या पडक्या इमारतीबद्दल हळहळतात. सत्तरचे दशक असेच गेले.

खरी गंमत १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात होती. राजीव गांधींच्या सरकारने एकाच धोरणात दोन टोकांच्या योजना आणल्या. एका बाजूला जिल्ह्यागणिक एक निवासी नवोदय, वर्गात ८० मुले, तीन चतुर्थांश जागा ग्रामीण भागाला, एक तृतीयांश मुलींना, राहणे-जेवणे-गणवेश-पुस्तके सगळे फुकट. दुसऱ्या बाजूला खडू-फळा योजना, म्हणजे प्रत्येक प्राथमिक शाळेला निदान दोन खोल्या, दोन शिक्षक आणि एक फळा. देशातल्या हजारो शाळांना फळा नाही हे सरकार ज्या कागदावर कबूल करत होते, त्याच कागदावर मूठभर मुलांसाठी वसतिगृहे बांधत होते. तेव्हाच्या शिक्षणतज्ज्ञांनी यावर टीका केली ती उगाच नव्हती.

आमच्या पाथर्डी तालुक्यातल्या शाळेत खडू-फळ्याची पेटी आली होती. पृथ्वीचा गोल, लोहचुंबक, भिंग, ढोलकी असे बरेच काही त्यात होते. आम्ही ते पेटी उघडली त्या दिवशी पाहिले. पुढे साहित्य हरवले तर वसुली आपल्या पगारातून होईल या धास्तीने हेडमास्तरांनी सगळे कपाटात कुलूपबंद केले. गोल फक्त तपासणीच्या दिवशी टेबलावर यायचा. विस्तार अधिकारी त्याला एकदा फिरवून बघायचे आणि पुढच्या शाळेला जायचे.

जे या पेटीने केले नाही ते स्कॉलरशिपने केले, म्हणून मला रेंगाळायचे आहे ते नव्वदच्या दशकात. आमचा तालुका ऊसतोडीचा. दसरा झाला की निम्मे गाव बैलगाड्या जुंपून कारखान्याच्या वाटेला लागायचे ते उन्हाळ्याच्या तोंडाला परतायचे. वर्गातली काही पोरे आईबापांबरोबर जायची, काही आजीजवळ राहायची. जी राहायची ती संध्याकाळी शाळेतच असायची, कारण आमच्या गुरुजींनी चौथीच्या स्कॉलरशिपचे जादा तास लावलेले असत. अंधार पडला की कंदील. भाकरी घरून बांधून आणायची, चटणी गुरुजींच्या डब्यातली. भाषा, गणित आणि बुद्धिमत्ता. बुद्धिमत्तेचा पेपर गुरुजींनाही आमच्याबरोबरच सुटायचा. आरशातली आकृती ओळखायची असली की ते आपला दाढीचा आरसा घरून आणत, वहीवरच्या आकृतीजवळ धरत आणि म्हणत, “आता बघ बरं, उजवीकडचं कुठं गेलं?”

त्यांना या तासांचा एक पैसा मिळत नव्हता. शिष्यवृत्तीधारक मुलालाही वर्षाला काही शेच रुपये मिळत आणि तेही पुढच्या वर्गात गेल्यावर, पुष्कळदा उशिराच. पण निकालाच्या दिवशी कोणत्या केंद्रातली किती मुले लागली याची चर्चा गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या कचेरीपासून एसटी स्टँडवरच्या चहाच्या टपरीपर्यंत चाले. शेजारच्या गावच्या गुरुजींची तीन लागली आणि आपली दोनच, हे शल्य आमचे गुरुजी वर्षभर बाळगत. या चुरशीत दोन-तीन पोरांसाठी म्हणून सुरू झालेल्या तासाला सगळा वर्ग बसत असे. कोण लागेल याचा भरवसा नसायचा, आणि बाकीच्यांना घरी पाठवायचे तर अंधारात पाठवायचे कुठे? त्यामुळे ज्याला शिष्यवृत्ती मिळण्याची सुतराम शक्यता नव्हती, तोही अपूर्णांकांची बेरीज शिकला. आज तो गावात किराणा दुकान चालवतो आणि त्याचा व्याजाचा हिशेब बँकेच्या साहेबापेक्षा आधी होतो.

पाचवीला नवोदयचा फॉर्म. ही परीक्षा आयुष्यात एकदाच देता येते, दुसऱ्यांदा बसायची सोय नाही. आमच्या वर्गातली एक मुलगी लागली. आईबाप ऊसतोडीच्या कोपीवर, घरी ही आणि आजी. पत्र्याची पेटी एसटीच्या टपावर टाकून, नगरला गाडी बदलून, आजीने तिला टाकळी ढोकेश्वरच्या नवोदयात पोचवले. दिवाळीत ती आली तेव्हा आम्ही तिच्याभोवती कोंडाळे करून बसलो. पहाटेची पीटी, मेसमधला नाश्ता, नियम म्हणून रात्रीचा अभ्यास आणि अरवली, निलगिरी, शिवालिक, उदयगिरी अशी चार हाऊसची नावे. आम्ही नकाशात बोटाने शोधलेले डोंगर हिच्या झोपायच्या खोलीवर लिहिलेले! पुढे नववीत काही मुलांना वर्षभर दुसऱ्या राज्यातल्या नवोदयात पाठवतात, तशी ती हिंदी मुलखात जाऊन आली. आज ती केंद्र सरकारच्या नोकरीत अधिकारी आहे. नवोदय नसते तर पंधराव्या-सोळाव्या वर्षी तिच्या हाती कोयता आला असता, यात मला शंका नाही. तेव्हा नवोदय म्हणजे पैशाची उधळपट्टी असे शहरातल्या कुणी गादीवर लोळत म्हटले, की माझे डोके फिरते.

पण त्याच वर्गात तिच्या तोडीचा एक मुलगा होता. परीक्षेच्या दिवशी तो बापाबरोबर कारखान्यावर होता. निरोप पाठवायला फोन नव्हता, आणायला माणूस नव्हता. एकदाच मिळणारी संधी अशी गेली. सातवीनंतर तो शाळेत दिसला नाही.

आणि ८० मुले उचलून नेल्यावर नवोदयाने मागे राहिलेल्यांसाठी काय केले? योजनेच्या उद्दिष्टांत स्वच्छ लिहिले होते की प्रत्येक नवोदय आपल्या जिल्ह्यातल्या शिक्षणाचे केंद्र होईल, आपले अनुभव आणि सोयी आसपासच्या शाळांना देईल. धोरणाने या शाळांना गती ठरवून देणाऱ्या शाळा म्हटले होते. त्या दहा वर्षांत आमच्या गुरुजींना तिथून एक बोलावणे आले नाही, एक प्रयोगशाळा दाखवली गेली नाही, एक प्रश्नसंच मिळाला नाही. त्या मुलीला दाखल करायला आजीबरोबर गुरुजीही गेले होते. ते गेटवरच्या वहीत सही करून आत गेले आणि फॉर्मवर सही करून बाहेर आले. आमच्या जिल्हा परिषद शाळांच्या लेखी नवोदय म्हणजे पोरगी नांदायला गेलेले श्रीमंत घर झाले. कौतुक करायचे, पण उठबस नाही.

दुसरे दुखणे क्लासवाल्यांचे. नवोदयच्या परीक्षेत बुद्धिमत्तेला सर्वांत जास्त वजन. शब्दांऐवजी आकृत्या दिल्या, तर इंग्रजी न येणारे, पुस्तके न पाहिलेले पोर मागे पडणार नाही, असा त्यामागचा विचार. विचार चांगलाच होता. पण वेगळी आकृती शोधा, घडी घातलेला कागद उलगडा, आकृती पूर्ण करा, हे सगळे घोटून घेता येते हे तालुक्याच्या गावातल्या हुशार लोकांनी पाच-सात वर्षांत ओळखले. न शिकवलेली अक्कल मोजायला काढलेला पेपर सर्वांत जास्त शिकवला जाऊ लागला. मग निवासी नवोदय क्लास आले. ग्रामीण जागेसाठी तिसरी ते पाचवी खेड्यातल्या शाळेत काढावी लागते, म्हणून पोराचे नाव खेड्यातल्या पटावर आणि पोरगे तालुक्याला क्लासच्या खोलीत, अशी सोय निघाली. ऊसतोडीच्या पोराला शेजारच्या बाकावर बसवायला काढलेल्या परीक्षेत शेजारचे बाक व्यापाऱ्याच्या आणि नोकरदाराच्या मुलांनी धरले. आमच्याकडच्या एका क्लासवाल्याने तर, जी मुलगी त्याच्या क्लासची पायरीही चढली नव्हती, तिचा फोटो आपल्या फलकावर लावला. तिच्या आजीने जाऊन तो काढायला लावला. काय बोलली ते छापण्यासारखे नाही.

दोन हजारनंतरची पंधरा वर्षे मी दोन वाक्यांत आटोपतो. इंग्रजी माध्यमाच्या पिवळ्या बसगाड्या वाडीवस्तीपर्यंत आल्या आणि जिल्हा परिषदेचा पट आटत गेला. शिक्षक जनगणना, मतदार याद्या आणि खिचडीच्या तांदळाचा हिशेब यांत गुंतले.

याच काळात आला शिक्षण हक्क कायदा. त्याने प्राथमिक म्हणजे पहिली ते पाचवी आणि उच्च प्राथमिक म्हणजे सहावी ते आठवी असे धरले. त्या चौकटीत परीक्षा बसावी म्हणून ती पाचवी-आठवीला गेली. कागदावर सुरेख. पण महाराष्ट्रात जिल्हा परिषदेच्या बहुतेक शाळा चौथीपर्यंतच आहेत. पोरगे चौथी पास झाले की दुसऱ्या गावच्या हायस्कुलात जाते. ज्या गुरुजींनी चार वर्षे त्याला घडवले, त्यांच्या हातात परीक्षा उरली नाही. ज्या हायस्कुलात परीक्षा गेली, तिथे पोरगे नुकतेच आलेले, आणि तिथल्या सरांचा जीव दहावीच्या निकालात अडकलेला. जादा तास कोण घेणार? कंदिलाची जागा बल्बने घेतली होती, पण वर्गच उरला नाही. शिष्यवृत्तीच्या गुणवत्ता यादीवरून आपण मुलांच्या हुशारीचा अंदाज बांधत बसलो. परीक्षा खरी हलवत होती ती शिक्षकाला.

प्रज्ञाशोध परीक्षेचे तर त्याहून वाईट झाले. ती योजना ३१ मार्च २०२१ पर्यंत मंजूर होती. पुढे आहे त्या स्वरूपात तिला मंजुरी मिळाली नाही आणि ती थांबली. साठीच्या घरात पोचलेली परीक्षा गेली, पण कुठे बोंब झाली नाही. तिची जागा पैसे भरून द्यायच्या खासगी परीक्षांनी घेतली, ज्यांत बसणाऱ्या प्रत्येकाला एखादे पदक मिळतेच.

२०२३ मध्ये शिष्यवृत्तीची रक्कम वर्षाला पाच हजार आणि साडेसात हजार झाली, हे चांगले झाले. परीक्षा चौथी-सातवीला परत आली, हेही चांगले झाले. पण तेव्हाचे गुरुजी परत आणता येत नाहीत, आणि आताच्या गुरुजींना दिवसातून अमुक इतके फोटो ॲपवर चढवायचे असतात. जिथे दोन शिक्षक चार वर्ग सांभाळतात, तिथे परीक्षा चौथीला आणून भागणार नाही. सरकारने निकालाबरोबर आणखी एक यादी लावावी. किती मुले लागली याऐवजी कोणत्या शाळेने चौथीचा संपूर्ण वर्ग बसवला, याची. आणि प्रत्येक नवोदयाला वर्षातून निदान चार शनिवार आसपासच्या शिक्षकांसाठी दार उघडणे सक्तीचे करावे. चाळीस वर्षांपूर्वी लिहून दिलेलेच काम आहे.

तुम्ही शाळा व्यवस्थापन समितीवर असाल किंवा नुसते ग्रामसभेला जात असाल, तर एक विषय जरूर मांडा. शिष्यवृत्ती परीक्षेची फी बिगर मागास मुलांना दोनशे आणि मागासवर्गीयांना सव्वाशे रुपये आहे, आणि कित्येक घरांत फॉर्म तिथेच अडतो. मग गुरुजी हुशार दोघा-तिघांचेच भरतात. ही फी ग्रामपंचायतीने भरावी, आणि चौथीतल्या सगळ्या मुलांची भरावी. वीस मुलांच्या वर्गाला चार हजारांहून जास्त लागत नाहीत.