संगणकाच्या स्मृतीतील केरवारा

संगणकाची आज्ञावली चालू असताना तिला स्मृतीतले लहान लहान कप्पे सतत लागत असतात. काम झाले की ते मोकळे व्हायला हवेत. कोणता कप्पा केव्हा निरुपयोगी झाला हे आज्ञावली लिहिणाऱ्यानेच ध्यानात ठेवायचे म्हटले, तर तो कुठे ना कुठे हमखास चुकणार! जॉन मॅकार्थी यांनी लिस्प या भाषेसाठी यावर उपाय योजला आणि १९६० साली तो प्रसिद्ध केला. मोकळे कप्पे संपले की मूळ काम थांबवायचे. आज्ञावली जिथपर्यंत पोहोचू शकते त्या सर्व कप्प्यांवर खूण करायची आणि बिनखुणेचे कप्पे परत घ्यायचे. यालाच ‘गार्बेज कलेक्शन’ म्हणतात.

ही झाडलोट फुकट होत नाही. आयबीएम ७०४ या यंत्रावर एका फेरीला काही सेकंद लागत. कप्पे होते सुमारे १५,०००. आता थोडे गणित करू. समजा, आज्ञावली सेकंदाला १,००० कप्पे वापरते आणि एका फेरीला ४ सेकंद लागतात. खरोखर उपयोगाचे कप्पे ५,००० असतील तर फेरीनंतर १०,००० मोकळे होतात. म्हणजे १० सेकंद काम, ४ सेकंद झाडलोट. पण उपयोगाचे कप्पे १४,००० झाले तर? १ सेकंद काम आणि ४ सेकंद झाडलोट! स्मृती काठोकाठ भरू देऊ नये, हा इशारा मॅकार्थींनी त्याच लेखात देऊन ठेवला होता.

आजच्या भाषांतही हिशेब हाच आहे. ‘गो’ या भाषेत गोजीसी नावाचा एक आकडा असतो. तो मुळात १०० असतो. उपयोगाची स्मृती ४० मेगाबाइट असेल तर साधारण ८० झाल्यावर पुढची फेरी पुरी होते. आकडा २०० केला तर १२० पर्यंत वाट पाहिली जाते. फेऱ्या निम्म्या होतात, पण स्मृती जास्त अडते.

मात्र नुसती सरासरी पाहू नका. पडद्यावरच्या खेळात सेकंदाला ६० चित्रे लागतात, म्हणजे एका चित्राला जेमतेम १६.७ मिलिसेकंद. एकच खोळंबा ५० मिलिसेकंदांचा झाला तर तीन चित्रे हुकतात. म्हणून सर्वांत लांबलेला खोळंबा वेगळा मोजावा लागतो.

मोजणीलाही वेळ लागतो, हे मॅकार्थींच्या मंडळींना भर सभेत कळले. एम.आय.टी.मध्ये उद्योगजगतातल्या पाहुण्यांना लिस्प दाखवले जात होते. मध्येच टंकयंत्र खडखडू लागले: झाडलोट सुरू झाली आहे, मनोरंजक आकडेवारी पुढीलप्रमाणे! किती कप्प्यांवर खूण झाली, किती परत मिळाले, असा पानभर तपशील सेकंदाला अवघ्या दहा अक्षरांच्या वेगाने उमटत राहिला. पाहुणे हसू लागले आणि वेळ संपून गेली. आदल्या तालमीत झाडलोटीची पाळीच आली नव्हती. पण तालमीत वापरलेले कप्पे कोणी पूर्ववत केले नव्हते, म्हणून ते नेमके सभेत संपले.