ट्रॉम्बेची किरणं आणि पाण्यातला पाचोळा

हार्बरच्या गाडीने कुर्ल्याहून मानखुर्द चौथं स्टेशन. पुढे ट्रॉम्बे, म्हणजे भाभा अणुसंशोधन केंद्र. अणू म्हटलं की आपल्याला वीज आणि बॉम्ब आठवतो. सांडपाण्याचा गाळ कुणाला आठवत नाही.

गाळाआधी पिण्याच्या पाण्याकडे पाहू. मुंबईचं बरंचसं पाणी तानसा, भातसा अशा रानातल्या तलावांतून येतं. रान म्हटलं की पाचोळा आलाच. तो कुजून त्याचा अर्क पाण्यात उतरतो, त्याला ह्युमिक द्रव्यं म्हणतात. ती जास्त झाली की पाणी कोऱ्या चहासारखं दिसतं. एरवी ती निरुपद्रवी, पण क्लोरीनशी गाठ पडली की त्यातून क्लोरोफॉर्मसारखी घातक ट्रायहॅलोमिथेन्स तयार होतात. हे १९७४ साली नेदरलँड्सच्या योहानेस रूक यांनी दाखवून दिलं. तुरटी किंवा तत्सम रसायनाने गाळ बसवताना त्यातली बरीच द्रव्यं निघून जातात, उरलेल्यांची पंचाईत. पाणी उकळूनही ती जात नाहीत.

इथे किरणं कामाला येतात. कोबाल्ट-६०चे गॅमा किरण मुख्यतः पाण्यालाच फोडतात. त्यातून निघालेले हायड्रॉक्सिल मूलक क्षणार्धात ह्युमिक रेणूंवर तुटून पडतात. पाणी किरणोत्सारी होत नाही. तापतही नाही म्हणा ना: एक किलोग्रे (ग्रे हे शोषलेल्या किरणऊर्जेचं माप) मात्रेला जेमतेम पाव अंश. रंग लवकर उडतो, पण कार्बन मागे राहतो, कारण मोठे रेणू तुटून छोटी आम्लं होतात आणि ती जिवाणूंना आयतं खाद्य. पाणी नितळ दिसलं म्हणजे ते स्वच्छ झालं, असं समजण्यात अर्थ नाही.

आता हिशेब. मुंबईला रोज सुमारे ३,८५० दशलक्ष लिटर पाणी पुरवलं जातं. त्या सगळ्याला एकच किलोग्रे मात्रा द्यायची तर, ऊर्जेचा थेंबही वाया गेला नाही असं धरून, अखंड ४५ मेगावॉट लागतील. पिण्याच्या पाण्यासाठी हा सौदा महागच.

गाळाचं तसं नाही. तो थोडा असतो, घाण असतो आणि जंतू मेले तर खत म्हणून शेतात जातो. ट्रॉम्बेच्या शास्त्रज्ञांनी १९९२मध्ये बडोद्याला गाळाचा विकिरण प्रकल्प उभारला तो याच विचाराने. सांडपाण्याचा पातळ गाळ कोबाल्टभोवती फिरवायचा, तीनेक किलोग्रे मात्रा पोचली की बाहेर काढायचा. पुढे अहमदाबादला दिवसाला १०० टन वाळलेल्या गाळाचा प्रकल्प उभा राहिला. आपल्या ट्रॉम्बेची विद्या गुजरातेत आधी रुजली, याचं मुंबईकराला थोडं वाईट वाटलं तर वाटू द्यावं.

कोबाल्टची एक खोड आहे: त्याला बटण नसतं. काम असो-नसो, तो दरवर्षी सुमारे १२ टक्के झिजतो आणि भर घालावी लागते. हेच काम करणारं इलेक्ट्रॉन झोताचं यंत्र मात्र बंद करता येतं. दक्षिण कोरियात देगूच्या रंगकाम कारखान्यांचं दिवसाला १०,००० घनमीटर सांडपाणी अशाच झोताखालून जाऊ लागलं, ते २००५च्या सुमारास.