इंजिनाचे गणकयंत्र कसे निवडावे?

1989 साली जपानमधील निसान कंपनीने ‘स्कायलाइन जीटी-आर’ ही नवी मोटार बाजारात आणली. तिच्या इंजिनात सहा सिलिंडर असून त्यांची एकूण क्षमता 2,568 घन सेंटिमीटर आहे, आणि त्यांना हवा पुरविण्यासाठी दोन टर्बोचार्जर बसविलेले आहेत. ही मोटार प्रामुख्याने जपानमध्येच विकली गेली. परंतु निर्मितीला पंचवीस वर्षे पूर्ण झालेल्या मोटारींना अमेरिकेत सुरक्षा-मानकांच्या अटींतून सूट मिळते. त्यामुळे 2014 सालापासून या मोटारी तेथे मोठ्या संख्येने आयात होऊ लागल्या. अशी मोटार घेणाऱ्यापुढे आज ना उद्या एक प्रश्न उभा राहतोच: इंजिनावर नियंत्रण ठेवणारे मूळ गणकयंत्र जुने झाले आहे, त्याच्या जागी दुसऱ्या उत्पादकाचे कोणते यंत्र बसवावे? जाहिराती या प्रश्नाचे उत्तर अश्वशक्तीच्या आकड्यांत देतात. खरे उत्तर मात्र, हे यंत्र नेमके काय करते हे समजून घेतल्यावाचून सापडत नाही.

पेट्रोलच्या इंजिनात दोन गोष्टी अचूक व्हाव्या लागतात. पहिली म्हणजे हवेच्या प्रमाणात इंधन मिळणे. एक किलोग्रॅम पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनास सुमारे 14.7 किलोग्रॅम हवा लागते. दुसरी म्हणजे ठिणगी योग्य क्षणी पडणे. इंजिन मिनिटाला 6,000 फेरे करीत असेल, तर एका फेऱ्यास सेकंदाचा केवळ शंभरावा भाग लागतो. चार धावांच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरात दर दोन फेऱ्यांस एक ठिणगी पडते. म्हणजे सहा सिलिंडरांत मिळून सेकंदाला 300 ठिणग्या पडतात, आणि त्या प्रत्येकीची वेळ गणकयंत्राला ठरवावी लागते.

इतक्या अल्प वेळात यंत्र सारे गणित मुळापासून मांडीत नाही. त्याच्या स्मृतीत कोष्टके साठविलेली असतात. एका बाजूस इंजिनाच्या फेऱ्यांचा वेग, दुसऱ्या बाजूस त्यावरील भार, आणि प्रत्येक चौकटीत इंधनाचे प्रमाण किंवा ठिणगीचा कोन, अशी त्यांची रचना असते. ही कोष्टके म्हणजे त्या विशिष्ट इंजिनावर कारखान्यात केलेल्या प्रयोगांची नोंदवहीच होय.

टर्बोचार्जर असलेल्या इंजिनात या नोंदवहीतील चूक फार महाग पडते. बाहेर पडणाऱ्या तप्त वायूंच्या जोराने टर्बोचार्जरातील एक चक्र फिरते, आणि त्याच दांड्यावरील दुसरे चक्र आत येणारी हवा दाबते. हवेचा दाब दुप्पट झाला आणि तापमान तेच राहिले, तर तिचे वस्तुमानही दुप्पट होते, आणि त्या मानाने इंधन वाढवावे लागते. ते अपुरे पडले, किंवा ठिणगी फार लवकर पडली, तर ज्योत पोचण्यापूर्वीच उरलेले मिश्रण आपोआप पेट घेते. यालाच नॉकिंग म्हणतात. त्यातून उद्भवणारे दाबाचे आघात आणि उष्णता यांमुळे दट्ट्या अल्पावधीत तडकू अथवा वितळू शकतो. म्हणूनच पूर्ण भाराखाली अशा इंजिनास मुद्दाम अधिक इंधन देतात. त्या वेळी इंधनाच्या एका भागास हवेचे सुमारे 12 भागच ठेवले जातात.

येथे पेट्रोलचाही प्रश्न येतो. नॉकिंगला विरोध करण्याची पेट्रोलची क्षमता ऑक्टेन अंकाने दर्शविली जाते. जपानमधील उंची पेट्रोलचा हा अंक साधारणतः 100 असतो. कॅलिफोर्नियातील उंची पेट्रोलवर 91 हा अंक लिहिलेला आढळतो. तेथील मोजणीची रीत वेगळी आहे. तरीही जपानी रीतीने हा अंक 96 च्या आसपासच येतो. मोटारीने समुद्र ओलांडला की कारखान्याच्या नोंदवहीतील एक मूलभूत गृहीतच बदललेले असते.

मूळ यंत्र बदलण्याची कारणे दोन. एक म्हणजे वय: तीस वर्षांनंतर आतील कपॅसिटरांतून द्रव पाझरून विद्युत्‌मंडल खराब होऊ लागते. दुसरे म्हणजे इंजिनात केलेले बदल. मूळ रचनेत तापलेल्या तारेच्या साहाय्याने हवा मोजणारे दोन मापक असतात. मोठा टर्बोचार्जर बसविल्यावर त्यांच्या मर्यादेपलीकडे हवा जाऊ लागते. मग मापकाचा संकेत वाढत नाही, आणि ती जादा हवा गणकयंत्राच्या गणतीत येतच नाही.

यावर तीन मार्ग उपलब्ध आहेत. पहिल्यात मूळ यंत्र तसेच ठेवून केवळ त्यातील कोष्टके बदलतात. यंत्र सुस्थितीत असेल आणि बदल थोडे असतील, तर हा मार्ग पुरेसा होतो. दुसऱ्यात संवेदक आणि मूळ यंत्र यांच्यामध्ये एक लहान उपकरण बसवून संकेतांत फेरफार करतात. हा मार्ग स्वस्त, परंतु धोक्याचा आहे. हवेचा संकेत कमी करून दाखविला की इंधन कमी होते हे खरे. पण इंजिनावरील भारच हलका आहे असे समजून मूळ यंत्र ठिणगीही लवकर पाडते, आणि नॉकिंगला आमंत्रण मिळते. तिसऱ्या मार्गात मूळ यंत्र काढून पूर्णतः स्वतंत्र यंत्र बसवितात. मोठे बदल केलेल्या इंजिनास हाच मार्ग योग्य होय.

स्वतंत्र यंत्र निवडताना ते इंजिनाची भाषा जाणते काय, हे पाहावे. या इंजिनाची स्थिती एका प्रकाशीय संवेदकाच्या चकतीवरील 360 बारीक फटींवरून ओळखली जाते; त्यांचे संकेत नव्या यंत्रास वाचता आले पाहिजेत. मूळ इंजेक्टर कमी विद्युत्‌रोधाचे असून त्यांच्या मार्गात वेगळे रोधक जोडलेले असतात. ते काढून टाकल्यास नव्या यंत्रातील मंडले जळण्याचा संभव असतो. शिवाय प्रत्येक सिलिंडरास हवेची स्वतंत्र झडप आहे. त्यामुळे हवा-मापक काढून केवळ दाबावरून हवा मोजू गेल्यास, झडपा थोड्या उघड्या असताना दाबाचा संकेत अस्थिर राहतो. तेव्हा झडपेच्या कोनाचाही हिशेब करणारे यंत्र हवे. नॉकिंग ओळखून ठिणगी मागे नेण्याची आणि दाब मर्यादेबाहेर जाताच इंधन तोडण्याची सोय त्यात असल्यास उत्तम.

या कसोट्या उतरल्या तरी काम अर्धेच होते. नव्या यंत्रासोबत येणारी कोष्टके इंजिन सुरू होण्यापुरतीच असतात. त्यानंतर मोटार शक्तिमापक रुळांवर चढवून, बाहेर पडणाऱ्या वायूतील प्राणवायू विस्तृत मर्यादेत मोजणाऱ्या संवेदकाच्या आधारे, एकेक चौकट तपासून भरावी लागते. कायद्याचेही भान ठेवावे लागते. रस्त्यावरील मोटारीच्या धूर-नियंत्रण व्यवस्थेत फेरफार करण्यास अमेरिकेचा स्वच्छ हवा कायदा मनाई करतो. म्हणून निवडलेले यंत्र केवळ शर्यतीच्या मैदानासाठी आहे की रस्त्यासाठीही मान्य आहे, हे खरेदीपूर्वीच विचारून घ्यावे.

यावरून खरेदीचा क्रम उलटा असावा, हे वाचकांच्या लक्षात येईल. आधी आपल्या परिसरात अशी इंजिने जुळविणारा अनुभवी कारागीर शोधावा; कोणत्या यंत्राची कोष्टके तो आत्मविश्वासाने भरू शकतो, हे त्यास विचारावे; मग त्याच यंत्रांपैकी आपल्या इंजिनाच्या संवेदकांशी जुळणारे यंत्र घ्यावे. इंजिनाविषयीचे ज्ञान कोष्टकांत असते, आणि ती कोष्टके अखेर माणसालाच भरावी लागतात.