फाइलच्या नावावर जाऊ नका, हॅश जुळवून बघा

वास्को : पेन ड्राइव्हवरून किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली सॉफ्टवेअरची फाइल खरी की बनावट, हे नावावरून कळत नाही. नाव कोणीही बदलू शकतो. फाइलची खरी ओळख म्हणजे तिचा हॅश. ‘एसएचए-२५६’ पद्धतीने कुठल्याही फाइलचा ६४ अंक-अक्षरांचा हॅश निघतो. फाइलमध्ये एक अक्षर जरी बदलले, तरी तो पार वेगळा येतो.

विंडोजच्या पॉवरशेलमध्ये ‘गेट-फाइलहॅश’ या कमांडपुढे फाइलचे नाव टाकले की हॅश दिसतो. तो कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरील हॅशशी जुळला नाही, तर फाइल इन्स्टॉल करू नये.

२० फेब्रुवारी २०१६ रोजी हॅकरांनी ‘लिनक्स मिंट’च्या संकेतस्थळावरील डाउनलोडची लिंक बनावट फाइलकडे वळवली. नंतर खऱ्या फाइलींचे हॅश जाहीर झाले आणि लोकांना आपली प्रत तपासता आली.

मात्र फाइल आणि हॅश एकाच ठगाने पाठवले, तर दोन्ही जुळणारच. म्हणून हॅश नेहमी मूळ ठिकाणाहूनच घ्यावा.

कोर्टातही याला महत्त्व आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमानुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रमाणपत्रात हॅश नोंदवावा लागतो. गोवा असो, महाराष्ट्र वा कर्नाटक, नियम एकच.