अदेसाठी थांबणारी ढोलकी

संपादकांना लावणी नाचणाऱ्या कलावंतिणींवर लेख हवा होता. त्यासाठी मी पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या एका कलाकेंद्रात गेलो आणि ढोलकीपाशीच अडकलो.

चौफुला, मोडनिंब, जामखेड अशा ठिकाणी ही केंद्रं आहेत. पुण्याचं आर्यभूषण त्यातलं जुनं आणि नावाजलेलं. गावोगावच्या जत्रांत तंबू ठोकणाऱ्या ढोलकीफडाच्या तमाशाहून या केंद्रांतली संगीतबारी निराळी. इथे वग नसतो, भर गाण्यावर आणि अदेवर. केंद्राच्या थिएटरात अनेक पार्ट्या, म्हणजे कलावंतांचे संच, मुक्कामाला असतात आणि रात्री पाळीपाळीने रंगमंचावर येतात. कुणाला निवांत ऐकायचं असेल तर आतल्या छोट्या खोलीत बैठक लावली जाते. पेटी, तबला, ढोलकी, गाणारी, नाचणारी आणि हाताच्या अंतरावर रसिक. माइक लागतच नाही.

वाईच्या लावणीगायिका यमुनाबाई वाईकर याच मुशीतल्या. जन्म 1915चा. ‘यमुना-हिरा-तारा’ या त्यांच्या पार्टीचं नाव अवघ्या महाराष्ट्रात दुमदुमलं, आणि पद्मश्री मिळाली ती 2012मध्ये, शंभरी जवळ आल्यावर.

मी गेलो त्या केंद्रात ढोलकीवाल्यांना सगळे मामा म्हणतात. बैठकीआधी ते बराच वेळ नुसती ढोलकी लावत होते. उजवीकडची चाट गाणारीच्या पट्टीला, काळी चारला, बोलायला हवी. तिच्यावर तबल्यासारखी बाहेरून शाई. डावीकडच्या धुमाला मसाला आतून. मामांची ढोलकी दोरीची. कड्या सरकवायच्या, हातोडीने कडेला ठोकायचं, कान लावायचा, पुन्हा ठोकायचं. हवा दमट असली की कातडं उतरतं, मग दोन लावण्यांच्या मधे पुन्हा चढवणं आलं. हल्ली नट-बोल्टच्या ढोलक्या निघाल्यात. पाना फिरवला की झालं. मामांना मात्र दोरीच हवी.

पेटी सुरू झाली. गाणारीने ओळ टाकली, मग तीच पुन्हा, आणि पुन्हा. बैठकीच्या लावणीत एकाच ओळीचे दहा अर्थ काढायचे असतात. एका ठिकाणी अदा करणारी थबकली. पापणी खाली, पदर दातांत. मामांची बोटं चाटीवरून उठली. उरला फक्त धुमाचा घिस्सा, मनगटाने दाबून लांबवलेला. आता किती थांबायचं हे तिची पापणी ठरवणार होती. तिने मान उचलली, मामांनी तोडा टाकला आणि समेवर तिची टाच आणि त्यांचं बोट एकदम पडलं. मी इतक्या जवळून असं वाजवणं कधी ऐकलं नव्हतं.

ध्वनिमुद्रित गाण्यावर नाचणारीला हे कुठून मिळणार? ट्रॅक कुणासाठी थांबत नाही. त्याच्यामागे तिलाच धावावं लागतं. आणि आज फर्माईश येते ती बहुतेक ट्रॅकवर वाजणाऱ्या सिनेमाच्या गाण्यांची. दौलतजादा, म्हणजे रसिकांची पैशाची उधळण, त्यावरच होते, त्यामुळे पार्टीच्या मालकिणीला दोष देता येत नाही. आलेल्या पैशात थिएटरचा वाटा, मग पार्टीचा, मग साजिंद्यांचा. मासिक पगार कुणालाच नाही. मार्च 2020मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा या सगळ्यांची कमाई एका रात्रीत थांबली. सिनेमाच्या गाण्याला बसून गाणारी लागत नाही, म्हणून आधी ती घरी बसते. तिच्याबरोबर तिला पाठ असलेल्या लावण्या जातात. मग पेटी, मग तबला.

भूषण कोरगावकर आणि सावित्री मेधातुल यांच्या ‘संगीत बारी’ या रंगमंचीय कार्यक्रमाने या कलावंतांना शहरी नाट्यगृहात मानाने आणलं, हे मोठंच काम. तरी माझी धास्ती जात नाही. शेवटच्या रांगेतून पापणी दिसत नाही, आणि ज्या पापणीसाठी मामा थांबतात ती दिसायला ती खोलीच हवी.

ही कला टिकवायला ती शिकवायची, तर त्या खोलीतच शिकवावी. नव्या मुलींना जुन्या गाणारीपाशी आणि पोरांना ढोलकीवाल्यापाशी बसवावं, आणि त्या दोघांना दरमहा मानधन द्यावं. दुपारी या खोल्या रिकाम्याच असतात.