मनाचा केसपेपर

गुडघा दुखला तर आपण चारचौघींत विचारतो, ‘कुठलं तेल चांगलं गं?’ शुगर वाढली तर हळदीकुंकवातला लाडू बाजूला ठेवून मोकळेपणी सांगतो. पण महिनाभर धड झोप नाही, कशात राम वाटत नाही, सकाळी डोळे उघडले की छातीवर धोंडा, हे मात्र सख्ख्या बहिणीलाही सांगत नाही. सांगितलंच तर उत्तर ठरलेलं, ‘मन रमव कशात तरी.’ अहो, मनच आजारी असेल तर रमवायचं कसं?

मी स्वतः या वाटेने गेलेय, म्हणून लिहितेय. वय सत्तेचाळीस. पाळी अनियमित झालेली, मुलगी शिकायला पुण्याला, सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. भांडण नाही, पैशाची ओढ नाही, तरी भाजी निवडता निवडता डोळ्यांतून धारा. पाळी जाण्याच्या काळात उदासीनतेचा आजार डोकं वर काढू शकतो, हे मला पुढे कळलं. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी आधी हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२ तपासलं. ते योग्यच, कारण थायरॉइड बिघडलं तरी माणूस असाच मलूल होतो. रिपोर्ट चांगले आले. मग त्यांनी चिठ्ठी दिली सिव्हिलच्या मानसोपचार विभागाची.

घरात कुजबुज सुरू झाली. धाकटे दीर म्हणाले, “वहिनी, पोरीचं जमवायचंय अजून. गावात कळलं तर?” त्यांची भीती खोटी नव्हती. आपल्याकडे स्थळ मोडायला एवढं पुरतं. पण माझी जाऊ, त्या मुलीची आई, म्हणाली, “माझ्या लेकीचं मी बघीन. ताई, तुम्ही चला, मी येते सोबत.” आणि आली!

डॉक्टरांनी झोप, भूक, कामातलं लक्ष सगळं विचारलं. मग सरळच, “मरणाचे विचार येतात का?” मी दचकले. पण असं विचारल्याने कुणाच्या डोक्यात विचार शिरत नाही, उलट आत साचलेलं बोलायला वाट मिळते. गोळी सुरू झाली. तिचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, म्हणून आठव्या दिवशी ‘काही फरक नाही’ म्हणत सोडायची नसते. झोपेच्या काही गोळ्यांची सवय लागू शकते, उदासीनतेवरच्या नेहमीच्या गोळ्यांचं तसं व्यसन लागत नाही. बंद मात्र डॉक्टरांना विचारूनच, हळूहळू.

खरी मजा समुपदेशनाची. मला वाटलं होतं, मॅडम उपदेश करतील. त्यांनी दिली दोनशे पानी वही! मन खचलं की त्या क्षणी काय विचार आला तो लिहायचा. मी लिहिलं, ‘सासूबाईंच्या पाठीला जखम झाली, म्हणजे मी नालायक सून.’ मॅडम म्हणाल्या, “याला पुरावा काय?” दर दोन तासांनी त्यांची कूस कोण बदलतं? मी. रात्री? मीच. “मग हा नालायकपणा, की एकटीवर पडलेलं काम?” विचार असे तपासून बघायची ही रीत अमेरिकेतल्या अल्बर्ट एलिस यांनी १९५५च्या सुमारास मांडली. मराठीत तिला विवेकनिष्ठ उपचारपद्धती म्हणतात. पुढच्या वेळी मॅडमनी यजमानांनाही बोलावलं. तेव्हापासून रात्री बारा आणि दोनची पाळी त्यांची. गोळीइतकाच गुण मला त्या झोपेने आला, असं माझं प्रामाणिक मत.

रोजच्या सवयींबद्दल ‘स्वतःसाठी वेळ काढा’ असं सगळेच लिहितात. वेळ काय डब्यात भरून ठेवलेला असतो? पहाटे फिरायला जा म्हणावं, तर नळाला पाणी तेव्हाच. मी संध्याकाळी देवळापर्यंत चालत जायला लागले, शेजारणीला घेऊन. उठायची वेळ एकच ठेवली, दुपारनंतरचा चहा सोडला. (हा सर्वांत अवघड!) आणि मॅडमचा एक नियम पाळला: मन लागेल तेव्हा करू म्हणून थांबायचं नाही, छोटंसं काम आधी करायचं, मन मागून येतं. पहिल्या आठवड्यात माझं काम होतं, फक्त कुंडीतल्या तुळशीची माती उकरणं.

दोन आठवड्यांहून जास्त दिवस रोज असं वाटत असेल, तर दाखवाच. घरात नवी बाळंतीण सतत रडत असेल, तर ‘नजर लागली’ म्हणून थांबू नका. जिवाचं बरंवाईट करायचं कुणी बोलली, तर तिला एकटी सोडू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. १४४१६ हा सरकारी टेली-मानस क्रमांक १० ऑक्टोबर २०२२ला सुरू झाला. चोवीस तास, मोफत, आणि मराठीतही बोलता येतं. आणि आमच्या दिरांसारखी काळजी असेल तर ऐका: २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचारांची माहिती गुप्त राखणं हा रुग्णाचा हक्क आहे.

काही सरकारी दवाखान्यांत मानसोपचाराची ओपीडी ठरावीक वारीच असते, तेव्हा वार विचारून निघा. जुने रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची पाकिटं पिशवीत टाका. रांगेत वेळ जातो, डबा घ्या. जाऊ असेल, तर तिलाही.